‘पिक अप’ आणि उचलणे : प्रस्तावना

कोल्हापूरच्या रंकाळा स्टँडवरून गगनबावड्याची एसटी सुटली की कळे, साळवण, मांडुकली, असळज करत चढाला लागते. या वाटेवर फाट्याफाट्याला पिकअप शेड आहे. वर पत्रा किंवा स्लॅब, तीन बाजूंना भिंत, आत बसायला कट्टा आणि दर्शनी भागावर ती कोणाच्या निधीतून उभी राहिली त्याची पाटी. इंग्रजीचं पुस्तक कधी हातात न धरलेली माणसंही ‘पिकअपपाशी थांब, मी आलोच’ असं सहज म्हणतात. याच रस्त्यावरून दुधाचे कॅन घेऊन जाणारी चारचाकी म्हणजे ‘पिकअप’. करूळ घाटात चढावर मागं पडणाऱ्या गाडीला ‘पिकअप नाही’. आणि साखर कारखान्याचा हंगाम सुरू होऊन माणसांची ये-जा वाढली की रस्त्याकडेच्या हॉटेलवाल्याचा धंदा ‘पिकअप घेतो’. एका इंग्रजी जोडशब्दाचे चार अर्थ या गगनबावडा तालुक्यात मराठी म्हणूनच वापरात आहेत.

तरीही दहावीतल्या मुलासमोर ‘शी पिक्ड अप मराठी इन सिक्स मंथ्स’ हे वाक्य आलं की तो अडतो. ‘तिने सहा महिन्यांत मराठी उचलली’ हे त्याच्या मनात येतं, पण लिहायचा धीर होत नाही. हे फारच घरगुती झालं, पेपरात असं चालत नसणार, असं त्याला वाटतं. मग तो ‘तिने मराठी निवडली’ असं काहीतरी लिहून मोकळा होतो, कारण ‘पिक’ म्हणजे निवडणे हे त्यानं पाठ केलेलं असतं. खरं तर त्याच्या मनात आलेलं पहिलं वाक्यच बरोबर होतं. भाषा उचलणं, हेल उचलणं, भजनाची चाल उचलणं ही रोजची मराठी आहे. घरातली मराठी इंग्रजीच्या तासाला कामाला येते, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. ही पुस्तिका नेमकं ते सांगते, म्हणून तिची प्रस्तावना लिहिताना मला मनापासून आनंद होतो आहे.

पुस्तिका एकाच क्रियापदावर आहे. बाजारात ‘पाचशे फ्रेझल व्हर्ब्स अर्थासह’ अशा धर्तीची पुस्तकं मिळतात आणि मुलं ती परीक्षेच्या आदल्या आठवड्यात घोकतात. ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे, ‘लुक आफ्टर’ म्हणजे काळजी घेणे, ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे. एका शब्दापुढे एक अर्थ. अशा यादीनं एका गुणाचा प्रश्न सुटतो, पण भाषा हाती लागत नाही. कारण या क्रियापदांचा स्वभावच असा की एकेकाला पाच-सहा अर्थ असतात आणि ते सगळे एका मुळाशी कुठेतरी बांधलेले असतात. ते मूळ एकदा एका क्रियापदात नीट पाहिलं, तर पुढची पन्नास क्रियापदं वाचताना डोळा तयार झालेला असतो. पुस्तिका तयार करणाऱ्या शिक्षकांनी हा निर्णय धाडसानं घेतला आणि तो मला पूर्ण पटतो.

इंग्रजीतली ही अडचण जुनी आहे आणि ती फक्त आपली नाही. १७५५ साली सॅम्युएल जॉन्सनचा इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत जॉन्सननं या क्रियापदांची वेगळी दखल घेतली. साधं क्रियापद, त्याला एक छोटा शब्द चिकटतो आणि अर्थ कुठल्या कुठे जातो. परक्या माणसाला इंग्रजीत सगळ्यात जास्त त्रास यांचाच होतो, असं त्याचं म्हणणं होतं. त्यानं उदाहरणं दिली त्यांत ‘टेक ऑफ’ आहे आणि अर्थ दिला आहे नक्कल करणे. विमान तेव्हा दीडशे वर्षं लांब होतं. आज ‘टेक ऑफ’ म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे आधी विमान येतं. म्हणजे ही क्रियापदं एका जागी बसून राहत नाहीत, काळाबरोबर नवी कामं अंगावर घेतात. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र बरंच उशिरा रुळलं. लोगन पिअरसल स्मिथ या लेखकानं १९२५ च्या ‘वर्ड्स अँड इडियम्स’ या पुस्तकात ते वापरलं आणि ते आपल्याला ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचं नमूद केलं.

हे क्रियापदांचं कुटुंब किती मोठं आहे याचा अंदाज २००७ साली डी गार्डनर आणि मार्क डेव्हिस या दोन अभ्यासकांनी दिला. त्यांनी ब्रिटिश इंग्रजीचा दहा कोटी शब्दांचा संग्रह तपासला. त्यांच्या हिशेबानं इंग्रजी वाचणाऱ्याला साधारण दर दीडशे शब्दांमागे एक फ्रेझल व्हर्ब भेटतं, म्हणजे पाठ्यपुस्तकाच्या एका पानावर एक-दोन तरी. त्यांतली सर्वांत जास्त येणारी शंभर घेतली तर एकूण वापराचा निम्म्याहून अधिक भाग त्यांतच येतो आणि या शंभरांना सरासरी पाच-सहा अर्थ आहेत. म्हणून पाचशेंच्या यादीमागे धावण्याऐवजी थोडीच क्रियापदं घेऊन ती खोलवर पाहावीत.

आणखी एक अभ्यास इथे सांगितला पाहिजे, कारण त्यातून आपल्या मुलांच्या वह्या समजतात. १९८५ साली डागुत आणि लाउफर यांनी हिब्रू बोलणारे विद्यार्थी तपासले. हिब्रूत फ्रेझल व्हर्बसारखी रचना नाही. ते विद्यार्थी ही क्रियापदं टाळत होते आणि त्यांच्या जागी एकशब्दी, भारदस्त क्रियापदं वापरत होते. पुढे १९९३ साली लाउफर यांनी एलियासन यांच्यासोबत स्वीडिश विद्यार्थी पाहिले. स्वीडिशमध्ये अशी क्रियापदं आहेत आणि त्या विद्यार्थ्यांनी ती टाळली नाहीत. आपली मुलं ‘पुट अप विथ’ टाळून ‘टॉलरेट’ लिहितात, ‘पुट ऑफ’ टाळून ‘पोस्टपोन’ लिहितात. त्यांचं इंग्रजी चुकीचं नसतं, पण सरकारी पत्रासारखं ताठ होतं. बोलायची वेळ आली की तेही तोंडातून निघत नाही. मग प्रश्न असा की मराठी कुठल्या बाजूला बसते? हिब्रूच्या की स्वीडिशच्या?

माझं उत्तर असं आहे की मराठीत इंग्रजीसारखी फ्रेझल व्हर्ब नाहीत, पण तेच काम करणाऱ्या दोन सोयी आहेत आणि दोन्ही मुलांना आधीच येतात. पहिली सोय उपसर्गांची, संस्कृतातून आलेली. ‘हृ’ हा एक धातू, अर्थ नेणे. त्याच्याआधी वेगवेगळे उपसर्ग लागतात आणि आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार असे शब्द तयार होतात. जेवण, भटकंती, तडाखा, नाश आणि निरसन. एका धातूतून अर्थ इतके लांब गेले याचं आपल्याला नवल वाटत नाही, कारण ते आपण लहानपणापासून ऐकतो. ‘गिव्ह अप’, ‘गिव्ह इन’, ‘गिव्ह अवे’ यांत याहून वेगळं काही घडत नाही. फरक एवढाच की संस्कृतचा उपसर्ग क्रियापदाच्या आधी चिकटून येतो आणि इंग्रजीचा छोटा शब्द मागून, सुटा येतो. तोही फरक पूर्वी इतका पक्का नव्हता. वेदांच्या भाषेत उपसर्ग धातूच्या नंतर येऊ शकतो आणि दोघांच्या मध्ये दुसरे शब्दही येऊ शकतात, असं पाणिनीनं सूत्रांतच नोंदवून ठेवलं आहे. ‘पिक इट अप’मध्ये ‘इट’ मधोमध बसतो, ती रचना आपल्या पूर्वजांना नवी वाटली नसती. संस्कृत आणि इंग्रजी एकाच मोठ्या भाषाकुलातल्या आहेत आणि हे त्या नात्याचंच एक चिन्ह आहे.

दुसरी सोय मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती शाळेत शिकावी लागत नाही; शेतात, चुलीपाशी, गोठ्यात तोंडी बसलेली असते. जुलैत या तालुक्यात रोपलावण चालू असते. चिखलगुठ्ठा झालेल्या खाचरात बायका ओणव्या होऊन लावण करत असतात, बांधावर तरव्याच्या पेंड्यांचा ढीग असतो, डोक्यावर इरलं नाहीतर प्लॅस्टिकची खोळ. तिथं कान देऊन ऐकावं. ‘एक पेंडी उचलून दे गं.’ ‘हिकडं उचलून टाक.’ ‘ती वल्ली हाय, बांधावर उचलून ठेव.’ ‘त्या पोराला उचलून घे आधी, चिखलात उतरतंय.’ उचलणं चारही वाक्यांत तेच. पुढे दे, टाक, ठेव, घे आलं आणि उचललेल्या वस्तूचं पुढे काय व्हायचं, ती कोणासाठी उचलली, हे सगळं त्या एका छोट्या क्रियापदानं सांगून टाकलं. ‘दे’ म्हटलं की काम दुसऱ्यासाठी, ‘घे’ म्हटलं की आपल्यासाठी. इंग्रजी ‘पिक अप’ला हे सांगता येत नाही. तिथे ‘पिक इट अप अँड हँड इट टू मी’ असं दुसरं क्रियापद वेगळं जोडावं लागतं.

आता याच वाक्यांतल्या ‘टाक’कडे जरा बारकाईनं बघू. ‘पेंडी उचलून टाक’मध्ये खरंच काहीतरी फेकलं जातं. पण ‘धडा वाचून टाक’, ‘दूध पिऊन टाक’, ‘चिठ्ठी फाडून टाक’ यांत फेकाफेक नाही. काम पुरतं उरकायचं आहे, एवढंच ‘टाक’ सांगतो. नेमकं हेच इंग्रजी ‘अप’नं केलं आहे. ‘स्टँड अप’मध्ये माणूस खरंच वर उठतो. पण ‘ड्रिंक अप’, ‘टिअर अप’, ‘यूज अप’ यांत वर काही जात नाही. पिऊन टाक, फाडून टाक, संपवून टाक. एका भाषेनं दिशेचा शब्द घेतला, दुसरीनं हाताच्या क्रियेचा. दोघींनी त्याचा मूळ अर्थ झिजवला आणि काम पूर्ण झाल्याची खूण म्हणून तो वापरायला काढला. हे एकदा मुलाच्या ध्यानात आलं की ‘अप म्हणजे वर, मग दूध वर कसं प्यायचं’ हा प्रश्न उरत नाही.

‘आउट’च्या बाबतीत तर दोन्ही भाषा आणखी जवळ येतात. ‘फाइंड आउट’ म्हणजे शोधून काढणे. ‘राइट आउट’ म्हणजे लिहून काढणे. बँकेतून ‘टेक आउट अ लोन’, आपण कर्ज काढतो. इंग्रजीला जिथे ‘आउट’ लागतं तिथे मराठीला ‘काढणे’ लागतं, आणि काढणे म्हणजे तरी बाहेर घेणेच. मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त अशा जोडीच्या, म्हणजे संयुक्त क्रियापदांची चर्चा आहे, पण आपल्या शाळांत ती मराठीच्या तासापुरती राहिली. इंग्रजीच्या तासाला ती कोणी उघडली नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेनं महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांना इंग्रजी शिकवलं, वाक्यासमोर वाक्य ठेवून शिकवलं, आणि तिचे उपकार मोठे आहेत. मात्र वाक्यासमोर वाक्य ठेवताना क्रियापदाच्या या जोडीकडे मुलांनी थांबून पाहिलं नाही. ते काम आता हाती घ्यायला हवं. २००० सालापासून महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या मुलांना पहिलीपासून इंग्रजी आहे. दहा वर्षं भाषा शिकूनही ही जोडी अनोळखी राहते, याचं मला वाईट वाटतं.

आता ‘पिक अप’कडे. पुस्तिकेनं त्याचे अर्थ ज्या क्रमानं मांडले आहेत तो मला फार आवडला. आधी जिथे मराठी ‘उचलणे’ सरळ चालतं ती वाक्यं, आणि ती अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघतात. ‘पिक अप द फोन’, फोन उचल. आमच्याकडे ‘फोन का उचलंना झालाईस?’ हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू येतं. ‘पिक अप द बिल’, खर्च उचलणे. ‘द पोलीस पिक्ड हिम अप’, पोलिसांनी त्याला उचललं. वर्तमानपत्रवाला ‘ताब्यात घेतलं’ लिहील, पण गावात उचललंच म्हणतात आणि इंग्रजीतही तीच बोलीची छटा आहे. ‘पिक अप द पेस’, पाय उचल. ‘पिक अप अ पॉइंट’, कोणी मांडलेला मुद्दा उचलणे. ‘पिक अप अ लँग्वेज’ वर येऊन गेलंच. हे सगळं पाहिलं की मुलाला धीर येतो. परकं वाटणारं क्रियापद ओळखीचं निघतं.

मग येतात ती वाक्यं जिथे ‘उचलणे’ चालत नाही, आणि खरा अभ्यास इथेच आहे. ‘आय विल पिक यू अप अ‍ॅट सिक्स.’ वर्गात एका मुलानं फळ्यावर लिहिलं, ‘मी तुला सहा वाजता उचलीन.’ मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, ‘पैलवान हाय काय?’ कोल्हापूर जिल्ह्यात हे ऐकू येणारच. मी त्या मुलाला विचारलं, तू कोल्हापूरहून येतोस आणि वडील तुझ्यासाठी गगनबावडा स्टँडवर गाडी घेऊन येणार असतात, तेव्हा ते फोनवर काय म्हणतात? तो म्हणाला, ‘सहाला न्यायला येतो, थांब तिथंच.’ बरं, आणि घरी आई शेजारणीला काय सांगते? ‘त्याला आणायला गेल्यात.’ घटना एकच, गाडी एकच, मुलगा एकच. स्टँडवर उभ्या असलेल्या मुलासाठी वडील न्यायला आले, घरी असलेल्या आईसाठी ते आणायला गेले. कोणाच्या जागेवरून पाहिलं जातंय हे मराठी क्रियापदातच सांगते. इंग्रजी ‘पिक अप’ दोन्हीकडून सारखंच. त्या तासाला मुलांनी स्वतःच दहा-बारा वाक्यं अशी उलटसुलट करून पाहिली आणि मला फळ्याकडे वळावंही लागलं नाही.

‘द रेन पिक्ड अप’ म्हणजे पावसानं जोर धरला. जिल्ह्यात सर्वांत जास्त पाऊस ज्या तालुक्यात पडतो तिथल्या मुलाला पावसाची क्रियापदं शिकवायची गरज नाही: पाऊस लागतो, झोडपतो, धरतो, उघडतो. त्यांतलं ‘जोर धरणे’ इथे बसतं. ‘बिझनेस पिक्ड अप’साठी पुस्तिकेत घाटाचं उदाहरण आहे. २०२४ च्या जानेवारीत करूळ घाट रुंदीकरणासाठी बंद झाला आणि कोकणात उतरणारी वाहनं दुसऱ्या वाटांनी वळली. रस्त्याकडेच्या हॉटेलवाल्यांचा धंदा बसला. घाट पुन्हा सुरू झाल्यावर तो सावरला. ‘धंदा बसला’ आणि ‘धंदा सावरला’ यांतल्या सावरण्याला ‘पिक अप’ अगदी फिट बसतं. डोंगराआड ‘फोन पिक्स अप अ सिग्नल’ म्हणजे फोन रेंज पकडतो. ‘पिक अप सम व्हेजिटेबल्स ऑन द वे’ म्हणजे येताना भाजी घेऊन ये. इथे ‘उचलून आण’ म्हटलं तर पैसे न देता आणल्यासारखं होईल. ‘लेट्स पिक अप व्हेअर वी लेफ्ट ऑफ’ म्हणजे जिथं सोडलं होतं तिथून पुन्हा धरू. जोर धरणे, रेंज पकडणे, पुन्हा धरणे. ‘उचलणे’ जिथे मागं सरलं तिथे पुष्कळदा ‘धरणे-पकडणे’ पुढे आलं, कारण ‘पिक अप’च्या पोटात उचलणं आणि हाताशी धरणं दोन्ही आहेत. अर्थांची ही दुहेरी गाठ विद्यार्थ्यानं स्वतः शोधून काढावी अशी मांडणी पुस्तिकेनं केली आहे.

उलट दिशेनंही पाहिलं पाहिजे आणि पुस्तिकेनं ते पाहिलं आहे. मराठीत उचलणे आहे, पण इंग्रजीत ‘पिक अप’ नाही, अशीही वाक्यं भरपूर आहेत. मागणी उचलून धरणे म्हणजे ‘सपोर्ट’ किंवा ‘बॅक’. विडा उचलणे म्हणजे ‘टेक अप द चॅलेंज’. कोणावर हात उचलणे म्हणजे मारणे. तिथे ‘पिक अप’ लिहिलं तर हास्यास्पद होईल. आणि ‘उचल’ हे नाम तर इंग्रजीच्या हाती लागतच नाही. कोल्हापूर जिल्ह्यात हंगामाच्या तोंडाला एकच चर्चा असते, यंदा पहिली उचल किती? ती उसाच्या बिलाचा पहिला हप्ता. दुसरीकडे ऊसतोड मजूर मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतो, ती मजुरीपोटी आगाऊ घेतलेली रक्कम, आणि कित्येकदा ती फिटता फिटत नाही. एकाच शब्दात ऊसवाल्या शेतकऱ्याची अपेक्षा आणि तोडणी मजुराचा बोजा दोन्ही आहेत. इंग्रजीत एकाला ‘फर्स्ट इन्स्टॉलमेंट’ म्हणावं लागतं, दुसऱ्याला ‘अ‍ॅडव्हान्स’, आणि दोघांमधलं नातं तुटतं. याच क्रियापदाचं आणखी एक नाम ‘उचल्या’, म्हणजे उचलेगिरी करणारा. त्या नावाच्या लक्ष्मण गायकवाडांच्या पुस्तकाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं ज्यांच्यावर जन्मतःच शिक्का मारला अशांच्या आयुष्याची ती कथा, आणि तिच्या इंग्रजी अनुवादाचं नाव ‘द ब्रँडेड’. उचलण्यातला हात इंग्रजीत पोहोचला नाही, शिक्का पोहोचला. दोन भाषांत एक क्रिया सारखी असली तरी तिच्यापासून तयार झालेली नामं आपापल्या समाजाच्या वाटेनं जातात, हे दहावीच्या मुलालाही कळण्यासारखं आहे. ‘पिकअप’ नावाची गाडी इंग्रजीनं तयार केली, ‘उचल’ मराठीनं.

यातूनच वर्गातल्या एका नेहमीच्या घोटाळ्याचं कारण सापडतं. आपण इंग्रजीतून ही क्रियापदं घेतली ती बहुतेक नामं म्हणून घेतली. चेकअप, मेकअप, फॉलोअप, बॅकअप, ब्रेकडाऊन, वॉकआउट, लॉकडाऊन. मराठी क्रियापदाचे प्रत्यय त्यांना थेट लागत नाहीत, म्हणून पुढे करणे, घेणे, होणे जोडलं: चेकअप करून घेतलं, फॉलोअप घेतला, एसटी ब्रेकडाऊन झाली. मराठीची ही रीत सशक्त आहे, तिच्यात काही वावगं नाही. पण त्यामुळे मुलाच्या डोक्यात ‘पिकअप’ हा एक अखंड तुकडा बसतो आणि इंग्रजी वाक्यात तो फोडायची वेळ येते तेव्हा हात धजत नाही. ‘पिक अप इट’ ही चूक तिथून येते. नाम असेल तर ते मध्ये किंवा शेवटी कुठेही चालतं: ‘पिक अप द बॅग’, ‘पिक द बॅग अप’. सर्वनाम असेल तर ते मध्येच यायला हवं: ‘पिक इट अप’, ‘पिक देम अप’, ‘पिक मी अप’. मुलांना हे समजावताना मराठीचाच आधार घ्यावा. ‘उचलून घे’ ही जोडीही आपण फोडतोच की: ‘उचलूनच घे’, ‘उचलून तरी घे’, ‘उचलून नको घेऊ’. जोडी फोडली म्हणून अर्थ फुटत नाही, ही जाण मुलाकडे आहे.

उच्चारातही तोच भेद आहे. शेड, गाडी किंवा पॉइंट या नामांसाठी ‘पिकअप’ म्हणताना जोर ‘पिक’वर येतो. ‘पिक इट अप’ या क्रियापदात जोर ‘अप’वर येतो. लिहितानाही नाम जोडून, क्रियापद तोडून. मोठ्यानं वाचल्याशिवाय हे अंगवळणी पडत नाही, आणि या पुस्तिकेतली वाक्यं मोठ्यानं वाचण्यासाठीच आहेत. शिक्षकांनी ती फळ्यावर उतरवून मुलांकडून नुसती लिहून घेऊ नयेत, हा माझा आग्रह आहे.

पुस्तिकेतल्या मराठीबद्दल थोडं. उदाहरणांत ‘उचलंना झालाय’, ‘हिकडं’, ‘न्यायला येतो, थांब तिथंच’ अशी इथली बोली ठेवली आहे. काही वाचकांना ती खटकेल, छापील पुस्तकात प्रमाण भाषाच हवी असं वाटेल. मला ती ठेवली हे फार योग्य वाटतं. मुलाच्या तोंडातलं क्रियापद जसंच्या तसं समोर आलं, तरच इंग्रजीच्या क्रियापदाशी त्याची गाठ पडेल. आणि या मातीतल्या मराठीनं संकोच करावा असं काही नाही. गगनबावडा ही पंत अमात्य बावडेकरांची जहागीर होती. रामचंद्रपंत अमात्यांचं १७१५ चं ‘आज्ञापत्र’ मराठी गद्याचा मानदंड म्हणून आजही वाचलं जातं. कोणी काय करावं, काय होऊ देऊ नये, हे नेमक्या क्रियापदांत बांधून सांगणारं ते गद्य आहे. ज्या बावड्याला असा वारसा आहे तिथल्या मुलांना आपली भाषा इंग्रजीच्या तासाला दाराबाहेर ठेवायला सांगणं मला पटत नाही.

शिक्षकांसाठी दोन-तीन सूचना. मराठी ‘उचलणे’ सरळ चालतं तो भाग आधी घ्यावा आणि भरपूर वेळ द्यावा. घाईनं अपवादांकडे जाऊ नये. ‘न्यायला-आणायला’चा भाग वर्गात उभं राहून, जागा बदलून करून घ्यावा, बाकावर बसून तो नीट कळत नाही. प्रेमिकांच्या ओळखीसाठी ‘पिक अप’चा जो वापर सिनेमांत दिसतो तो पुस्तिकेनं वगळला आहे. वरच्या वर्गातली मुलं तो विचारतील, तेव्हा टाळाटाळ न करता एका वाक्यात सांगून पुढे जावं. शेवटच्या भागातल्या भाषांतराची उत्तरं छापलेली नाहीत, कारण एका वाक्याला तीन तीन बरोबर उत्तरं निघतात. ‘शी पिक्ड अप द चाइल्ड’ला ‘तिने मुलाला उचललं’, ‘उचलून घेतलं’ आणि ‘ती मुलाला न्यायला आली’ ही तिन्ही बरोबर आहेत. कुठलं घ्यायचं ते मागचं-पुढचं वाक्य ठरवतं, आणि मुलानं आपलं कारण सांगितलं तर पूर्ण गुण द्यावेत.

यानंतरच्या पुस्तिकेसाठी कोणतं क्रियापद घ्यावं अशी विचारणा झाली, तेव्हा मी ‘टेक’ सुचवलं. त्याच्या मागे ‘आउट’, ‘ऑफ’, ‘अप’, ‘ओव्हर’, ‘इन’, ‘बॅक’ सगळे लागतात आणि मराठीत त्याच्यासमोर घेणे, काढणे, नेणे, उचलणे ही चार क्रियापदं एकदम उभी राहतात. काम मोठं आहे, पण त्याची वाक्यं याच तालुक्यातल्या शेतांत, दूध संस्थांच्या दारांत आणि स्टँडवर रोज बोलली जात आहेत. वह्या घेऊन ती टिपायला या पावसाळ्यापासूनच सुरुवात करावी.